मेडिकलच्या काउंटरवरचं एक मिनिट



या वेळी एखाद्या आजाराबद्दल नाही, तुमच्या घराजवळच्या मेडिकलबद्दल लिहायचं आहे. पण सुरुवात एका पेशंटपासूनच करतो.

सात वर्षांपूर्वी बदलापूरची एक तेवीस वर्षांची मुलगी माझ्याकडे आली. ठाण्याला नोकरी, रोजची लोकल. तीन आठवडे खोकला, संध्याकाळी कणकण. मी तपासलं, छातीचा एक्स-रे काढून आणायला सांगितला, आणि तोपर्यंत म्हणून पाच दिवसांचं लिव्होफ्लॉक्सासिन लिहून दिलं. तिसऱ्या दिवशी तिला बरं वाटलं. एक्स-रे राहून गेला. महिन्याभराने खोकला परत आला तेव्हा ती माझ्याकडे आली नाही. माझ्या चिठ्ठीचा फोटो तिच्या मोबाईलमध्ये होता. तो तिने स्टेशनजवळच्या एका मेडिकलवर दाखवला आणि पाच गोळ्या घेऊन घरी गेली. पुन्हा बरं वाटलं. असं आणखी दोनदा झालं, एकदा त्याच दुकानात, एकदा दुसऱ्या. चार महिन्यांनी ती परत माझ्यासमोर बसली तेव्हा वजन सात किलोंनी उतरलं होतं आणि थुंकीत रक्त होतं. थुंकीच्या तपासणीत क्षयाचे जंतू सापडले.

लिव्होफ्लॉक्सासिन हे औषध क्षयाच्या जंतूंवरही काम करतं. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयात आम्ही ते इतर औषधांच्या जोडीने वापरतो. एकटंच आणि पाच-पाच दिवस दिलं तर ते क्षय बरा करत नाही, फक्त दाबून ठेवतं. पेशंटला वाटतं गुण आला, डॉक्टरला वाटतं निदान बरोबर होतं, आणि आतमध्ये औषधाला सरावलेले जंतू तेवढे शिल्लक राहतात. ही मुलगी सुदैवी म्हणायची, नेहमीची औषधं तिला लागू पडली आणि सहा महिन्यांत ती बरी झाली. पण त्या चार महिन्यांत घरात तिचा दहावीतला भाऊ होता, एकाच खोलीत झोपणारा. त्यालाही क्षय झाला.

यात पहिली चूक माझी. खोकल्याला तीन आठवडे झालेल्या पेशंटला क्षय नाही याची खात्री होण्याआधी लिव्होफ्लॉक्सासिन द्यायचं नसतं, हे मला माहीत होतं. दवाखान्यात गर्दी होती, हे कारण मी स्वतःला बरेच दिवस देत होतो. आता देत नाही. पण माझ्या चुकीनंतर तीन वेळा ती मुलगी एका काउंटरसमोर उभी राहिली. "ही चिठ्ठी कधीची आहे?" एवढं एकानेही विचारलं असतं तर तो मुलगा दहावीची परीक्षा गोळ्या घेत देत बसला नसता.

म्हणून मला वाटतं, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या आपल्या तीन गावांतल्या फार्मासिस्टना अँटिबायोटिकबद्दल पेशंटशी बोलण्याचं प्रशिक्षण द्यायला हवं. बोलण्याचं प्रशिक्षण. औषधाची माहिती त्यांना आहेच.

कायदा काय म्हणतो ते आधी सांगतो, कारण बहुतेकांना वाटतं की चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक न देणं ही दुकानदाराची मर्जी आहे. तसं नाही. जवळपास सगळी अँटिबायोटिक्स 'शेड्यूल एच' मध्ये आहेत, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायची. त्यांतली काही जास्त जपून वापरायची औषधं २०१३ मध्ये 'शेड्यूल एच-वन' या वेगळ्या यादीत घातली गेली आणि १ मार्च २०१४ पासून ती यादी लागू झाली. सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन, क्षयाची औषधं त्यात आहेत. ही विकताना डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं याची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये करायची आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं, डॉक्टरने पुन्हा द्या असं लिहिलं नसेल तर. आणि २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये तर पेशंटला औषधाबद्दल समजावून सांगणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलेलं आहे. तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत असं समजावून सांगणं? मी स्वतः गिऱ्हाईक म्हणून गेलो तेव्हा मला "कॅश की जीपे?" एवढंच ऐकायला मिळालं आहे.

नियम कागदावर आहेत आणि काउंटरवर वेगळंच चालतं, यासाठी फक्त केमिस्टला झोडपणं मला पटत नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी राज्यात एफडीएने फार्मासिस्ट हजर हवाच, चिठ्ठी हवीच अशी कडक मोहीम घेतली होती. केमिस्ट संघटना संतापल्या, दुकानं बंद ठेवण्यापर्यंत गेल्या. मोहीम थंडावली आणि सगळं पूर्ववत झालं. इन्स्पेक्टर वर्षातून एखाद-दोनदा येतो. पेशंट दिवसाला दोनशे येतात. त्या दोनशे जणांशी कसं बोलायचं हे दंडाच्या पावतीवर लिहिलेलं नसतं.

शिकवून फरक पडतो का, हा प्रश्न रास्त आहे. याबद्दल मुंबई, दिल्ली आणि पाटणा इथल्या सहाशेवर औषध दुकानांमध्ये २०१४-१५ मध्ये झालेला एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. शिकवून तयार केलेली माणसं पेशंट बनून दुकानांत पाठवली. काहींनी फक्त क्षयासारखी लक्षणं सांगितली: दोन-तीन आठवडे खोकला, ताप. काहींनी सोबत क्षय असल्याचा लॅबचा रिपोर्ट दाखवला. नुसती लक्षणं सांगितली तेव्हा डॉक्टरकडे पाठवून, अँटिबायोटिक किंवा स्टिरॉइड न देता योग्य तऱ्हेने वागलेले फक्त १३ टक्के. रिपोर्ट दाखवल्यावर तेच प्रमाण ६२ टक्क्यांवर गेलं. अँटिबायोटिक देण्याचं प्रमाण ३७ वरून १६ टक्क्यांवर आलं. आणि क्षयाची खास औषधं एकाही दुकानाने हातात दिली नाहीत.

या आकड्यांत निराश होण्यासारखं पुष्कळ आहे, पण मला दुसरं दिसतं. शहरं तीच, दुकानं तशीच, नफ्याचा मोह तोच. पण समोर नेमकं काय आहे हे कळल्यावर बरेच लोक बरोबर वागले. म्हणजे सगळा दोष लोभाचा नाही. खोकला-ताप ऐकून "हा क्षय असू शकतो" ही शंका मनात येणं, हे शिकवता येतं. मुंबईत इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनने केमिस्टना क्षयाच्या डॉट्स उपचारांसाठी तयार केलंच होतं. दुकानात येऊन, केमिस्टच्या समोर गोळ्या घेऊन लोक बरे झाले. २०१८ पासून तर क्षयाची औषधं विकणाऱ्या केमिस्टनेही पेशंटची नोंद सरकारला कळवणं बंधनकारक आहे. क्षयासाठी जे जमलं ते साध्या अँटिबायोटिकसाठी का जमू नये?

आता काउंटरच्या मागे कोण असतं ते बघा. परवाना ज्याच्या नावावर आहे तो फार्मासिस्ट, बऱ्याच ठिकाणी खरोखर हजर असतो, काही ठिकाणी फक्त त्याचं प्रमाणपत्र भिंतीवर हजर असतं. गर्दीच्या वेळी औषध काढून देतो तो काउंटरवरचा मुलगा. बारावी झालेला, हुशार, ब्रँडची नावं तोंडपाठ, डॉक्टरांचं अक्षर आमच्या बायकांपेक्षा चांगलं वाचणारा. कायद्याने त्याने औषध फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यायचं. प्रत्यक्षात "दादा, जुलाब होतायत, काहीतरी द्या" म्हटलं की हा मुलगा ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची स्ट्रिप उचलतो. साध्या जुलाबाला लागतं मीठ-साखरेचं पाणी, म्हणजे ओआरएस. लहान मुलाला सोबत झिंक. ओआरएसचं पाकीट त्याच कपाटात असतं, चार बोटं पलीकडे. म्हणून माझा आग्रह आहे की प्रशिक्षणात या मुलांनाही बसवा. ते समुपदेशन करणार नाहीत. पण कोणता पेशंट मालकाकडे किंवा फार्मासिस्टकडे वळवायचा एवढं त्यांना कळलं तरी अर्धं काम होईल.

आणि कात्री. आपल्याकडे स्ट्रिप कापून दोन-दोन गोळ्या द्यायची पद्धत आहे. पेशंटच म्हणतो, "दोन दिवसांच्या द्या, बघतो." कापताना औषधाचं नाव एका तुकड्यावर राहतं, एक्स्पायरी दुसऱ्यावर. स्ट्रिपवरची ती लाल उभी रेघ, जी २०१६ पासून सरकार लोकांना ओळखायला सांगतंय, ती तिसऱ्या कुणाच्या तरी घरी जाते. दोन दिवसांनी पेशंट माझ्याकडे येतो. काय घेतलं विचारलं तर म्हणतो, "पिवळी गोळी होती, लांबट." त्याला टायफॉइड असेल तर त्या दोन पिवळ्या गोळ्यांनी आजार बरा केलेला नसतो, पण रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू सापडण्याची शक्यता मात्र कमी केलेली असते. मग मी अंदाजाने उपचार करतो, आणि अंदाजाचं अँटिबायोटिक नेहमी वरच्या पायरीचं असतं. मी एमडी करत होतो तेव्हा टायफॉइडला सिप्रोफ्लॉक्सासिन हमखास चालायचं. आज मी त्याच्या भरवशावर टायफॉइडचा पेशंट घरी पाठवू शकत नाही.

एका मिनिटात फार्मासिस्ट काय सांगू शकतो? पुष्कळ. "हे अँटिबायोटिक आहे. दिवसातून दोनदा म्हणजे बारा-बारा तासांनी, सकाळी आठ, रात्री आठ. हे जेवणानंतर. हे दुधाबरोबर किंवा कॅल्शियम, लोह, अ‍ॅसिडिटीच्या औषधाबरोबर नको, दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. ही डॉक्सिसायक्लिनची गोळी भरपूर पाण्याबरोबर, बसून, घेतल्याबरोबर आडवं व्हायचं नाही." नाही तर ती अन्ननलिकेत चिकटून जखम करते, असे पेशंट मी पाहिले आहेत. "आधी कधी पेनिसिलिनने अंगावर पुरळ, सूज, दम असं झालंय का?" हा प्रश्न मी विचारलेला असायला हवा. पण मी विसरलो असेन तर विचारणारा तो शेवटचा माणूस आहे.

लहान मुलांच्या सिरपवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे सर्वांत जास्त गोंधळ मी पाहतो. मुलांची बरीचशी अँटिबायोटिक्स बाटलीत कोरड्या पावडरीच्या रूपात येतात. पाणी घरी घालायचं असतं. किती घालायचं? बाटलीवर खूण असते. आधी थोडं घालायचं, हलवायचं, फेस बसू द्यायचा, मग खुणेपर्यंत भरायचं. आई घरी जाते, मूल रडत असतं, ती बाटली गळ्यापर्यंत भरते. औषध पातळ होतं. किंवा अर्धवट भरते, मग प्रत्येक चमच्यात जास्त औषध जातं आणि मुलाला जुलाब लागतात. मग ती माझ्याकडे येऊन म्हणते, "डॉक्टर, तुमचं औषध बाधलं." एका आईने दुधात कालवलं होतं, संपूर्ण बाटली, कारण मूल पाणी पीत नव्हतं. चमचाही घरचा, आणि प्रत्येक घरचा चमचा वेगळा. हे सगळं दुकानातच, त्या आईसमोर, दोन मिनिटांत करून देता येतं. पाणी घाला, हलवून दाखवा, मापाच्या टोपीवर किंवा सिरिंजवर पेनाने रेघ मारून द्या, "सात दिवसांनी उरलं तर फेकून द्या, ताईच्या बाळाला देऊ नका" म्हणा, आणि फ्रिजमध्ये ठेवायचं असेल तर तेही सांगा. अंबरनाथ पूर्वेला माझ्या ओळखीचा एक फार्मासिस्ट हे बरीच वर्षं करतो. त्याच्या दुकानात तान्ह्या मुलांच्या आयांची रांग असते. धंदा बुडाला असं काही तो म्हणत नाही.

"कोर्स पूर्ण करा" याबद्दल एक खुलासा. आम्ही डॉक्टर वर्षानुवर्षं हे वाक्य देवाच्या आरतीसारखं म्हणत आलो. पण आता बऱ्याच आजारांत कमी दिवसांचा कोर्सही पुरतो असं दिसून आलं आहे, आणि जितके जास्त दिवस अँटिबायोटिक तितके शरीरातले इतर जंतूही त्याला सरावतात. याचा अर्थ तुम्ही मनाने दुसऱ्या दिवशी बंद करायचं असा नाही. क्षयात तर एकही दिवस चुकवून चालत नाही. फार्मासिस्टने सांगायचं ते एवढंच: चिठ्ठीवर जितके दिवस आहेत तितके दिवस घ्या, आधीच बरं वाटलं आणि थांबवावंसं वाटलं तर डॉक्टरांना फोन करा, आणि उरलेली गोळी डब्यात जपून ठेवू नका.

आता माझ्या व्यवसायाकडे येतो. आमच्यातले अनेक जण अजूनही दवाखान्यातूनच कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या देतात. गरीब पेशंटला परवडतं हे खरं. पण त्या पुडीत अँटिबायोटिक आहे की नाही हे पेशंटला कळत नाही, आणि पुढच्या डॉक्टरलाही नाही. सर्दीला, साध्या व्हायरल तापाला, डेंग्यूलासुद्धा अझिथ्रोमायसिन लिहिणारे आम्हीच. केमिस्ट आमचंच पाहून शिकला आहे. "खोकला, घसा म्हणजे अझिथ्रोमायसिन तीन गोळ्या" हे त्याने कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, आमच्या हजारो चिठ्ठ्यांत वाचलं आहे. तेव्हा प्रशिक्षण फार्मासिस्टचं असलं तरी त्या खोलीत डॉक्टरही बसायला हवेत, आणि भाषण देण्यासाठी नव्हे. चिठ्ठीवर निदान लिहा, दिवस आकड्यात लिहा, तारीख ठळक लिहा, पुन्हा देऊ नये असं लिहा. एवढं आम्ही केलं तर काउंटरवरच्या माणसाला "नाही" म्हणायला आधार मिळेल.

तीन गावांचा उल्लेख मी मुद्दाम करतो आहे. अंबरनाथच्या एका दुकानाने नाही म्हटलं तर पेशंट बाजूच्या दुकानात जातो. अंबरनाथच्या सगळ्यांनी नाही म्हटलं तर संध्याकाळी उल्हासनगर स्टेशनला उतरतो. आपली गावं एकाच रेल्वेमार्गावर ओवलेली आहेत, पेशंट एक, दवाखाने एक, आणि औषधं पुरवणारे होलसेलवालेही बरेचसे तेच. म्हणून हे एका गावात करून उपयोग नाही. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये फार्मसीचं कॉलेज आहे. केमिस्ट संघटनांच्या आणि आयएमएच्या शाखा आहेत. देशभरच्या केमिस्ट संघटनेचे अध्यक्ष जगन्नाथ शिंदे कल्याणचेच आहेत. माणसं आणि जागा शोधायला लांब जायला नको.

हॉटेलात जेवणासहित होणारी, पडद्यावर साठ स्लाइड दाखवणारी सभा मला नको आहे. तशा सभांत मीही झोपलो आहे. दुपारी दोन ते चार, दुकान थंड असतं तेव्हा, पंधरा-वीस जणांचा गट, महिन्यातून एकदा, चार-पाच महिने. एकाने पेशंट व्हायचं, दुसऱ्याने फार्मासिस्ट. "साहेब, मागच्या वेळी हीच गोळी दिली होती, आता सुट्टी घेऊन डॉक्टरकडे गेलो तर खाडा पडतो, हजेरी कापतात." एमआयडीसीतल्या किंवा जीन्सच्या कारखान्यातल्या कामगाराच्या या वाक्याला काय उत्तर द्यायचं? इथे नियम सांगून चालत नाही. "ताप तीन दिवसांच्या वर आहे का? दम लागतो का? लघवी कमी झालीय का? मग आजच दाखवा. नसेल तर ही पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, आणि परवा कमी नाही झालं तर रात्री नऊपर्यंत अमुक दवाखाना उघडा असतो." हे बोलणं सरावाने येतं. आणि ते मराठीत, हिंदीत, उल्हासनगरच्या आजी-आजोबांसाठी सिंधीतही यायला हवं. इंग्रजी पत्रक छापून वाटलं तर त्याची पुडी होईल.

केमिस्ट मित्र मला विचारतात, "डॉक्टर, तुम्ही बोलायची फी घेता, आम्ही फुकट का बोलायचं?" प्रश्न बरोबर आहे. डिस्काउंटच्या स्पर्धेत आणि ऑनलाइन विक्रीत त्यांचं मार्जिन आटलं आहे. माझं उत्तर अर्धंच आहे: वीस टक्के सूट मोबाईलवरही मिळते, पण पावडरीत पाणी घालून दाखवणारा माणूस मोबाईलमधून येत नाही. उरलेलं अर्धं उत्तर सरकारने द्यायचं आहे. प्रशिक्षण घेतलेल्या दुकानाला परवान्याच्या वेळी काही सवलत, दर्शनी भागात लावायला एखादं चिन्ह. केरळात सरकारने चिठ्ठीशिवायच्या अँटिबायोटिक विक्रीविरुद्ध २०२४ मध्ये 'ऑपरेशन अमृत' सुरू केलं, त्यात तपासणी आणि लोकशिक्षण दोन्ही हातात हात घालून चाललं. महाराष्ट्रात देशाचा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना पिंपरीला १९५४ मध्ये उभा राहिला. औषध बनवायला आपण पुढे होतो.

आणि तुम्ही. अँटिबायोटिकांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट मेली असा अंदाज आहे. हा आकडा फार मोठा असल्यामुळे कुणाच्याच पोटात गोळा येत नाही, मला ठाऊक आहे. तुमच्या हातात लहान गोष्टी आहेत. पुढच्या वेळी मेडिकलवर गेलात की विचारा: यात अँटिबायोटिक कोणतं? किती दिवस? कशाबरोबर घ्यायचं नाही? उत्तर काउंटरवरच्या मुलाने दिलं तर "फार्मासिस्ट कोण आहेत?" असं नम्रपणे विचारा. पक्कं बिल घ्या. पूर्ण कोर्स एकदम घ्या, दोन-दोन गोळ्या कापून नको. आणि दुकानदाराने चिठ्ठी जुनी आहे म्हणून औषध नाकारलं तर त्याच्यावर आवाज चढवू नका. तुमच्यामागे उभा असलेला गिऱ्हाईकही ते ऐकत असतो.

गेल्या महिन्यात रात्री साडेनऊला अंबरनाथच्या त्याच फार्मासिस्टचा फोन आला. "डॉक्टर, तुमची चिठ्ठी आहे, मार्चची. सेफिक्झिम मागतायत. बाईंना चार दिवस ताप आहे, थंडी वाजून. देऊ का?"

"नको. पाठवा माझ्याकडे."

"आत्ता?"

"आत्ता."

मी शटर अर्धं ओढलं होतं, ते परत वर केलं.